पावाखालचा पेला

टेबलावर चमचे होते, काटे नव्हते.

कापितोलिनानं आधी आपल्या ताटलीच्या डाव्या-उजव्या बाजूला पाहिलं, मग समोरच्या ताटल्यांकडे. माशाची पाई तुकडे करूनच आणून ठेवली होती. धिरड्यांची चवड रुमालाखाली वाफ सोडत होती.

"विहीणबाई, एखादा काटा द्या की," ती म्हणाली. "पाई काय चमच्यानं खाऊ?"

नोन्ना चुलीपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. "खा चमच्यानं. आज सगळेच चमच्यानं खाणार आहेत."

कापितोलिनाचा हात ताटलीजवळच थांबला. मेलेल्या माणसाच्या नावानं जेवण असलं की टेबलावर काटा ठेवत नाहीत, हे या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तिला तर सांगितलं होतं, नुसतं जेवायला या, थोडं बोलायचंय. रविवारची प्रार्थना आटोपून ती तशीच आली होती, डोक्यावरचा चर्चचा रुमालही न काढता.

आल्याआल्याच पहिली ठिणगी पडली होती. नोन्नानं तिला टेबलाच्या कोपऱ्याशी स्टूल दिलं. "कोपऱ्यावर बसवता मला?" कापितोलिनानं विचारलं. लग्नाच्या पोरी कोपऱ्यावर बसत नाहीत, बसल्या तर सात वर्षं नवरा मिळत नाही म्हणतात. नोन्ना लगेच म्हणाली, "तुमचं आता कुठलं लग्न अडणार आहे, विहीणबाई! अडलंय ते माझ्या पोरीचं." कापितोलिना निमूट बसली होती. माणसानं बोलावलं की जावं, बसवलं तिथं बसावं, इतकं तिला तिच्या देवानं शिकवलं होतं.

आता मात्र तिची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथं कुणीच बसलं नव्हतं. ताटली होती, ताटलीपुढं व्होडकानं काठोकाठ भरलेला छोटा पेला होता, आणि पेल्यावर काळ्या पावाची चकती झाकण घातल्यासारखी ठेवली होती.

"हा कुणाचा?" तिनं विचारलं.

 टेबलाशी तिच्याखेरीज चौघं होती. नोन्ना आता एप्रन झटकत येऊन बसली होती. तिच्या शेजारी तिची मुलगी इंगा, म्हणजे कापितोलिनाची सून. इंगाच्या पलीकडे व्हालेंतिन, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, ज्याच्याशी इंगाला लग्न करायचं होतं. आणि खिडकीपाशी सावेली, कापितोलिनाचा दीर. दोन्ही घरांत वडीलधारा तोच, म्हणून बाटली त्याच्या ताब्यात दिलेली.

"भाऊजी, तुम्ही सांगा. हा पेला कुणाचा?"

सावेलीनं मिशीवरून हात फिरवला. "वहिनी, तुम्हाला कळतंय. मला कशाला बोलायला लावता?"

"माझा मुलगा मेलाय असं मला कुणी सांगितलेलं नाही."

"समुद्रानं सांगितलंय," नोन्ना म्हणाली. "सगळ्या वस्तीला ऐकू आलं. तुम्हालाच तेवढं नाही."

सप्टेंबरच्या वादळात रोदियोनची बोट गेली, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती. बोट उलटी सापडली. बरोबरच्या दोघांची प्रेतं वाळूवर आली, तिसऱ्याचा कोट आला. रोदियोनचं काहीच आलं नाही. न टोपी, न बूट. पुढच्या हिवाळ्यात एका मालवाहू जहाजावरचा खलाशी मासळीच्या कारखान्यात आला आणि बोलता बोलता म्हणाला, की वरच्या बंदरात पेट्या उतरवताना एक माणूस पाहिला, डाव्या पायानं किंचित लंगडणारा, थेट तुमच्या रोदियोनसारखा. खलाशी निघून गेला. त्याचं ते वाक्य कापितोलिनापाशी राहिलं.

तिचं सगळं आयुष्य कारखान्याच्या मीठघरात गेलं होतं. हेरिंग मासे धुवायचे, थरावर थर लावायचे, थरांमध्ये मीठ पसरायचं. बोटांच्या पेरांना भेगा पडून त्या कायमच्या झाल्या होत्या. क्रूसाची खूण करताना तीन बोटं जुळवली की त्या चुरचुरत. बुधवार-शुक्रवार उपासाचे, त्या दिवशी ती तेलाचा थेंबही तोंडात घालत नसे. रोज पहाटे देवासमोर उभं राहून आधी जिवंतांची नावं घ्यायची, मग मेलेल्यांची. रोदियोनचं नाव ती जिवंतांमध्ये सगळ्यांत आधी घेई. देवापुढे रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला एक सवय लागते, लगेच उत्तर न मागण्याची.

पण वस्तीला ती सवय लावता येत नाही. वस्तीत तिनं दुसरंच केलं. कुणाचं लग्न असो, बारसं असो, जेवणात तिसरा पेला भरला की तो नसलेल्यांसाठी असतो. सगळे उभे राहतात आणि पेल्याला पेला न लावता, गप्प पितात. काच वाजते ती फक्त जिवंतांसाठी. कापितोलिना मात्र तिसऱ्या पेल्यालाच शेजाऱ्याकडे हात लांब करी आणि म्हणे, "माझ्या रोदियोनच्या आरोग्यासाठी!" अशा वेळी आईच्या पेल्यापासून आपला पेला मागे कोण घेणार? शेजारी लावायचा. काच वाजायची. आणि ज्याच्या आरोग्यासाठी आपणच पेला वाजवला, त्याच्या बायकोला विधवा कसं म्हणायचं? म्हणून बायका इंगाशी बोलेनाशा झाल्या होत्या. इंगा व्हालेंतिनबरोबर रस्त्यानं जाताना दिसली की मागून, अपशकुन टळावा म्हणून, डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकत. कोर्टानं रोदियोनला मृत ठरवलं होतं, पण फादर म्हणाले, "आई जिवंत आहे. तिनं आधी मुलासाठी मृतांची प्रार्थना मागू दे. मग मी तुमच्या डोक्यावर लग्नाचा मुकुट धरतो." लग्न तिथं अडलं होतं. एका म्हातारीच्या पेल्यापाशी.

"फादर काय म्हणतात ठाऊक आहे?" कापितोलिना आता म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हलका होता. "हे पेल्यावर पाव ठेवणं आपल्या धर्मातलं नाही. जंगली लोकांचं आहे. मेलेल्याला व्होडका लागत नाही, प्रार्थना लागते."

"मग मागा की प्रार्थना! कुणी धरून ठेवलंय?" नोन्नानं चमचा आपटला. "धर्मातलं नाही, तर मग घाबरताय कशाला? एक पेला आहे आणि पावाचा तुकडा."

"मी घाबरत नाही."

"मग हात कसा मागे घेतलात?"

कापितोलिनानं हात पुन्हा पुढं केला. बाहीचा धक्का लागून मिठाची वाटी कलंडली आणि टेबलावर पांढरा ओघळ पसरला.

"झालं!" सावेली पुटपुटला. "मीठ सांडलं. आता भांडण."

"भाऊजी, मी जन्मभर मीठ सांडत आले आहे. त्या हिशेबानं माझं जगात कुणाशीच पटायला नको."

"पटतंय कुठं?" नोन्ना म्हणाली.

व्हालेंतिन हसला. हसू नये हे कळून लगेच खाली बघू लागला. तोंडावर नुकत्याच केलेल्या दाढीचे दोन काप होते. कापितोलिनानं त्याच्याकडे पाहिलं.

"हसायला काय झालं रे इंजिनवाल्या? माझ्या मुलाच्या जागेवर बसायचंय तर नीट बस. का नुसत्या त्याच्या चपलाच पायात बसल्या?"

"काकू, मी..." तो गोरामोरा झाला. "मी त्याच्या जागेवर बसलेलो नाही. ती जागा तिकडे रिकामी ठेवलीय."

"त्याच्याशी नका बोलू," इंगा म्हणाली.  "मला बोला, कापितोलिना येगोरोव्हना. बोलावलं मी."

लग्नानंतर इंगा तिला आई म्हणायची. व्हालेंतिन घरात येऊ लागल्यापासून हे पूर्ण नाव आलं होतं, वडिलांच्या नावासकट, कचेरीत हाक मारावी तसं.

"फसवून बोलावलंस."

"खरं सांगितलं असतं तर आला असतात?"

"नसते आले."

"मग?"

नोन्नानं मृतांच्या जेवणातलं, मधात शिजवलेल्या गव्हांचं भांडं सावेलीपुढं सरकवलं. "उगाच वाढवू नका. चला हो, भरा पेले. शब्द बोला, पिऊ, तीन-तीन चमचे गहू खाऊ, झालं. पोरीला मोकळी करा."

सावेलीनं पेले भरले. कापितोलिनाचा भरताना तो जरा थांबला. तिनं नको म्हटलं नाही. मग तो उठला, त्याच्याबरोबर सगळे उठले. खुर्च्यांचे पाय फरशीवर खरवडले.

"देवा, तुझ्या सेवकाला, रोदियोनला," सावेलीचा आवाज चिरकला, "सुखाची..."

"थांबा," कापितोलिना म्हणाली.

ती कोपऱ्यावरून निघाली, नोन्नाच्या पाठीमागून वळसा घालून रिकाम्या जागेपाशी गेली. पावाखालच्या पेल्याला तिनं आपला पेला लावला. हळूच नाही, चांगला जोरात. काच खणकन वाजली. पावाची चकती घसरून खाली पडली आणि व्होडका टेबलावर हिंदकळली.

"माझ्या रोदियोनच्या आरोग्यासाठी," ती म्हणाली आणि पेला एका घोटात संपवला.

 मग नोन्ना किंचाळली.

"मेलेल्याच्या पेल्याला पेला वाजवला! देवा रे! कळतंय का तुम्हाला काय केलंत? असा आवाज केला की तो दुसऱ्याला बोलावून नेतो. याच टेबलावरच्या कुणालातरी! उद्या पहाटे हा समुद्रावर जातोय!" तिनं व्हालेंतिनचा खांदा धरला. "माझ्या पोरीचा दुसराही घालवणार तुम्ही! चेटकीण आहात. डोक्यावर चर्चचा रुमाल, आणि खाली चेटकीण!"

"तो मेलेला नाही, तर कोण बोलावणार?" कापितोलिना म्हणाली. "जिवंत असेल तर काही होत नाही. तुम्हीच ठरवा."

व्हालेंतिनचा चेहरा पिठासारखा झाला होता. हातातला भरलेला पेला कुठं ठेवावा हे त्याला समजत नव्हतं. उचललेला पेला न पिता खाली ठेवणं वाईट, आणि आता पिणंही वाईट.

"आई, सोड त्याला," इंगा म्हणाली. "ओरडू नकोस. त्यांनी वाजवला ना? वाजवू दे. बरंच झालं." ती टेबलावर दोन्ही हात टेकून पुढं वाकली. "तर तो जिवंत आहे. मान्य. मी पण मानते. आता सांगा, आहे कुठे?"

"देवाला ठाऊक."

"देवाला राहू द्या. खलाशानं बंदरात पाहिला ना? पेट्या उतरवत होता. म्हणजे हात धड, पाठ धड, तोंडही धड. मग त्या तोंडानं तीन वर्षांत एक निरोप? माझं सोडा. मी वाईट, मी कजाग, मी त्याला दारूवरून बोलायची. मला टाकून गेला म्हणा. पण तुम्ही? तुम्ही काय केलं होतं त्याचं?"

"डोक्याला मार लागला असेल. विसरला असेल."

"पेट्या उचलायचं आठवतं, आई आठवत नाही?"

"कुणी धरून ठेवला असेल. कैदेत असेल."

"मग बंदरात कोण होतं? एक काय ते ठरवा, कापितोलिना येगोरोव्हना! कैदेत आहे की बंदरात आहे?"

कापितोलिनानं रिकामा पेला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. 

"मी सांगते कुठे आहे," इंगाचा आवाज आता खालून, छातीतून येत होता. "जिवंत असेल तर कुठल्यातरी बाईच्या घरी आत्ता जेवायला बसलाय. पोट भरलंय. तोंड पुसतोय. आणि त्याची आई इथं रोज पहाटे थंड फरशीवर उभी राहून त्याचं नाव घेते, ते त्याला चांगलं ठाऊक आहे, आणि तरी त्याला एका शब्दाची पर्वा नाही. असला माणूस. असला तुमचा मुलगा? माझं ज्याच्याशी लग्न झालं तो असा नव्हता! प्यायचा, भांडायचा, पण असा नव्हता. मी क्रूसावर हात ठेवून सांगते, नव्हता. तुम्ही करताय त्याला असा. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, पेला वाजवून वाजवून सगळ्या वस्तीला सांगताय, बघा, माझा रोदियोन आईला टाकून गेलेला हरामखोर आहे."

"तोंड सांभाळ!"

"तुम्ही पेला सांभाळा!"

सावेली खुर्चीत बसला. कोणीच त्याच्याकडे पाहिलं नाही.

कापितोलिना उभीच होती, रिकाम्या जागेपाशी, हातात रिकामा पेला. तिला सुनेच्या थोबाडीत मारावीशी वाटली. इतकी वर्षं तिनं कुणावर हात उचलला नव्हता, आणि आता तळहात खरोखर गरम झाला होता. पण त्या रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी हललं. भरती चुकली आणि बोटीला उशीर होणार असला, की रोदियोन जी बोट आधी परत निघेल तिच्यावर निरोप द्यायचा. परक्या बोटीची माणसं चिखलाच्या बुटांनी तिच्या दारात येऊन ओरडायची, "कापा मावशी, रोद्या म्हणतो उशीर होईल, चूल विझवू नकोस!" बायको घरी आल्यावरही त्यानं ते सोडलं नाही. इंगा यावरून चिडायची, आधी आईला निरोप, मग मला. एकदा तर निरोप पोचला तेव्हा तो स्वतःच दारात उभा होता, आणि तरी निरोप्यानं तो सांगूनच टाकला.

असा मुलगा. उशीर होईल एवढंही न कळवता राहणार नाही.

इंगा खोटं बोलली असती तर किती सोपं होतं.

"भाऊजी," कापितोलिना म्हणाली. "तुम्ही शोधायला गेला होतात."

सावेलीनं मान वर केली. तिनं हे कधी काढलं नव्हतं. कुणी काढू लागलं तर उठून जायची.

"गेलो होतो, वहिनी."

"पाणी कसं होतं?"

"गार होतं."

"म्हणजे किती वेळ..."

"फार वेळ नाही," सावेली म्हणाला. "फार नाही, वहिनी. झोप लागल्यासारखं होतं, म्हणतात."

तिनं मान हलवली. मग वाकून फरशीवर पडलेली पावाची चकती उचलली. पडलेला पाव पायदळी ठेवायचा नसतो. तिनं त्याच्यावर फुंकर मारली, ओठांना लावला आणि खिडकीच्या कठड्यावर पक्ष्यांसाठी ठेवून दिला.

"सुरी द्या," ती म्हणाली.

नोन्नानं सुरी उचलली आणि सरळ हातात द्यायला गेली. मग काय आठवलं कुणास ठाऊक, तिनं ती टेबलावर ठेवून पुढं सरकवली. सुरी हातातून हातात दिली की वैर होतं. एवढ्या वैरातही तिचा हात ते विसरला नाही. कापितोलिनानं काळ्या पावाची नवी चकती कापली. जाड कापली, घरातल्या माणसाला वाढावी तशी. हिंदकळलेला पेला तिनं बाटलीतून पुन्हा काठापर्यंत भरला. एक थेंब बाहेर गेला नाही. त्याच्यावर पाव ठेवला आणि बोटानं मध्यभागी आणला.

"इतकं सोपं होतं तर तीन वर्षं..." नोन्ना सुरू झाली.

"आई, गप्प बस," इंगा म्हणाली.

कापितोलिना आपल्या जागी परतली. खाली बसली नाही.

"इंगा, हे मी तुझ्यासाठी करत नाही. तुझ्या लग्नासाठी तर मुळीच नाही. लग्नाला मला बोलावू नकोस, मी यायची नाही. समोर दिसलीस तर बोलेन, न बोलायला मी काही मूर्ख नाही. पण घरी येऊ नकोस."

"नाही येणार."

"त्याला कुणी आईला टाकून गेलेला म्हणू नये, म्हणून करते. तू म्हणालीस तसा तो नव्हता."

"नव्हता," इंगा म्हणाली. तिनं मान वळवली.

"भरा, भाऊजी."

सावेलीनं कापितोलिनाचा रिकामा पेला भरला. बाकीच्यांचे भरलेलेच होते, मघापासून न प्यालेले. सगळे पुन्हा सरळ उभे राहिले. कापितोलिनानं डोक्यावरचा रुमाल नीट केला, चिरलेली तीन बोटं जुळवून क्रूसाची खूण केली आणि हलक्या, रोजच्या प्रार्थनेच्या आवाजात म्हणाली, "देवा, तुझ्या सेवकाला, रोदियोनला, शांती दे." इतकी वर्षं पहाटे ज्या नावापासून ती सुरुवात करी, ते तिनं आज मेलेल्यांमध्ये घेतलं.

व्हालेंतिनला एवढा वेळ छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरल्यासारखं झालं असावं. किंवा हे कसं करतात हेच त्या क्षणी त्याच्या डोक्यातून गेलं. तो घाईनं पुढं वाकला आणि लग्नघरी सासूपुढं करावा तसा त्यानं आपला पेला तिच्यापुढं धरला.

नोन्नानं डोळे मिटून घेतले.

कापितोलिनानं त्या पुढं आलेल्या पेल्याकडे पाहिलं. मग तिनं आपला पेला मागे घेतला, छातीपाशी, दोन्ही हातांत धरून.

"खाली घे हात, पोरा," ती म्हणाली. "याला वाजवत नाहीत."

व्हालेंतिनचा हात खाली आला. पाचही जण आपापला पेला आपल्यापाशी धरून उभे होते. मग ते प्याले. पेले एकेक करून खाली, टेबलाच्या कापडावर ठेवले गेले. कापड जाड होतं, त्यामुळे तोही आवाज झाला नाही.